हेमांगीची बदली

आमच्या भुईगावात पूर्वी कोणी अंथरुणाला खिळलं, की त्याला आळीतल्या बायका वाटून घ्यायच्या. माझ्या सासूबाई तीन वर्षं मधल्या खोलीत पडून होत्या. सकाळी वाडीला पाणी लावून झालं की शेजारची रुक्मिणीवहिनी यायची, विहिरीवर हात धुवायची आणि सासूबाईंची वेणी घालून जायची. दुसरी कोणी पेज भरवायची. तिसरीला यातलं काहीच जमायचं नाही. ती नुसती उशाशी बसून कोणाच्या घरी काय चाललंय ते सांगायची, आणि सासूबाईंना तीच सगळ्यांत जास्त आवडायची. या कामाला काही नाव असतं, त्याचे वर्ग असतात, हे आम्हांला ठाऊक नव्हतं. आता आळीत बंगले झाले आहेत. बहुतेक बंगल्यांत माझ्यासारखं एखादं म्हातारं माणूस आहे. कोण कोणाला वाटून घेणार?

माझे पती ॲन्सेल्म दोन वर्षांपूर्वी केळींना माती लावताना वाडीतच पडले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डावा हात तेवढा राहिला. माझे स्वतःचे हात कापतात. चमचा त्यांच्या तोंडापर्यंत नेते तोवर निम्मं त्यांच्या छातीवर सांडलेलं असतं. मुलगा जेन्सन मेलबर्नला. तो रोज फोनवर तोंड दाखवतो. आमच्या चर्चच्या गृहसेवा केंद्रात फोन त्यानेच केला, आणि केंद्र चालवणाऱ्या क्लेमेंटीनने आमच्याकडे हेमांगीला पाठवलं.

हेमांगी चिंचोटीची, भातशेती करणाऱ्या घरातली. पहिल्या दिवशी ती आली, चप्पल बाहेर काढली आणि मला काही विचारायच्या आधी पलंगापाशी गेली.

"बाबा, मी हेमांगी. आता रोज मी येनार. चालेल ना?"

"त्यांना बोलता येत नाही गं," मी म्हणाले.

"ऐकता येतं ना?"

ती त्यांना हात लावायच्या आधी सांगायची. कूस बदलते हं बाबा. आता पानी थंड लागेल हं. कपडे बदलताना खिडकी लावून घ्यायची आणि मलासुद्धा बाहेर काढायची. पन्नास वर्षं संसार केला, तरी ॲन्सेल्मना ते बरं वाटायचं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं. जेवताना ती बुटक्या स्टुलावर बसायची, म्हणजे ते मान खाली घालून तिच्याकडे बघायचे आणि घास सरळ उतरायचा. घाई नाही. गळा हलला की पुढचा चमचा.

आणि तोंड अखंड चालू. "बाबा, तुम्ही दाढी करू देत नाय, रविवारी फादर कम्युनिअन घेऊन आले तर म्हनतील, हे ॲन्सेल्म कुठे गेले आनि हा साधू कुठून आला?"

ॲन्सेल्म हसायचे. अर्ध्याच तोंडाने, पण हसायचे.

मी तिला म्हणायचे, "तू गेलीस तर आमचं काय होईल?"

"मी कुठे जाते आंटी? तुमच्याकडची मासळीची आमटी सोडून?"

फेब्रुवारीत चर्चमध्ये आजाऱ्यांचा दिवस असतो. त्या आठवड्यात केंद्राचा नव्या मुलींसाठी वर्ग होता. ॲन्सेल्मपाशी बसायला एका मुलीला घेऊन क्लेमेंटीन मला न्यायला स्वतः रिक्षाने आली. ती जुन्या काळची मेट्रन, तिला नाही म्हणता येत नाही. "मटिल्डाबाय, मुलींना पुस्तकातलं मी शिकवते. घरच्या माणसाला काय हवं असतं ते तुम्ही सांगा."

हॉलमध्ये पंचवीसेक मुली बसल्या होत्या. फळ्यावर क्लेमेंटीनच्या सुरेख अक्षरात संयम, आदर, प्रामाणिकपणा असे शब्द होते. मला त्या शब्दांवर काय बोलावं सुचेना, म्हणून मी हेमांगीबद्दल बोलले. खिडकीचं सांगितलं, स्टुलाचं सांगितलं. सासूबाईंचंही सांगितलं. इतकं मी आयुष्यात कधी एका दमात बोलले नव्हते. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मागे उभी असलेली हेमांगी खाली बघत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

घरी आल्यावर मी ॲन्सेल्मना म्हणाले, "आज मी भाषण केलं." ते माझ्याकडे बराच वेळ कौतुकाने बघत होते.

दहा-बारा दिवसांनी क्लेमेंटीन आली. ती बसली, पाणी प्यायली, वाडीतल्या चाफ्याची चौकशी केली. तेव्हाच मला समजलं की काहीतरी आहे.

"विरारला एक केस आहे," ती म्हणाली. "तरुण बाई, दोन लहान मुलं. अपघातात कमरेखालचं सगळं गेलंय. कोणाला जवळ येऊ देत नाही, ताट भिरकावते. दोन मुली रडत परत आल्या. तुम्ही त्या दिवशी सांगितलं ना, तेव्हापासून माझ्या डोक्यात हेमांगीच आहे."

"आणि ॲन्सेल्म?"

"त्यांच्यासाठी स्टेफी देते. चांगली आहे, वर्गात पहिली आली."

"क्लेमेंटीन, ते तिच्याच हातचं खातात."

"मला माहीत आहे, बाय." तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "त्या बाईचं वय एकतीस आहे."

माझा नवरा ब्याऐंशी वर्षांचा, त्याने आपली वाडी पाहिली, मुलाचं लग्न पाहिलं. क्लेमेंटीनच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. चांगला माणूस जिथे जास्त दुखतंय तिथेच पाठवायचा. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि ती गेली.

हेमांगीने ॲन्सेल्मना स्वतः सांगितलं. मला वाटलं होतं, गुपचूप जाईल तर बरं. पण ती पलंगाशी बसली. "बाबा, उद्यापासून मी येनार नाय. दुसऱ्या घरी लागलेय. स्टेफी येईल. ती माझ्यापेक्षा शिकलेली आहे, तिला त्रास देऊ नका." त्यांनी डावा हात उचलला. घरात रात्रीची रोझरीची प्रार्थना झाली की लहानांनी मोठ्यांकडे आशीर्वाद मागायचा, ही आमची रीत. हेमांगी हिंदू, पण तीही रोज जायच्या आधी डोकं पुढे करायची आणि ते अंगठ्याने तिच्या कपाळावर क्रूस काढायचे. त्या दिवशी त्यांचा हात तिच्या कपाळावर नुसता टेकून राहिला. क्रूस काढायचं त्यांना सुचलंच नाही.

स्टेफीबद्दल मी वाईट बोलणार नाही. पोरगी नीटनेटकी, वेळेवर येणारी. पाठीला एक फोड येऊ दिला नाही तिने. मी सांगितलं म्हणून स्टुलावरही बसली. पण ॲन्सेल्मनी ओठ उघडले नाहीत. पहिल्या दिवशी दोन चमचे, दुसऱ्या दिवशी एक, मग नाहीच.

"अंकल, प्लीज ना. थोडंसं. माझ्यासाठी." मग माझ्याकडे वळून, "आंटी, मी काय चुकतेय?"

"काही नाही गं," मी म्हणायचे. "तुझं काही चुकत नाही."

एका दुपारी ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी तिला चहा करून दिला. तिच्या कपापेक्षा बशीतच जास्त गेला. आम्ही दोघी तिथे बसून होतो आणि पलीकडच्या खोलीत ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. आळीतून कोणी आत यावं, नुसतं बसावं आणि काहीतरी बोलावं, असं मला फार वाटलं. रस्त्यावरून समुद्रावर जाणाऱ्या गाड्या तेवढ्या जात होत्या.

त्यांचे गाल बसले. गळ्याजवळची हाडं वर आली. मी क्लेमेंटीनला फोन केला. "एकदा तरी पाठव तिला. एकदा."

रविवारी हेमांगी तिच्या सुट्टीच्या दिवशी आली. मी राजेळी केळं उकडून, तुपात कुस्करून ठेवलं होतं, त्यांना आवडतं तसं. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पण मनात खात्री होती. एवढंच तर आहे, ती आली की खातील. मग तिला परत द्या म्हणून मी क्लेमेंटीनला सांगेन, जेन्सनला सांगेन, पाहिजे तर फादरांकडे जाऊन बसेन.

"काय बाबा, रुसलात?" ती दारातून म्हणाली.

त्यांनी मान वळवली. तिला ओळखलं. डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडाची ती डावी बाजू हसली. मी जपमाळ घट्ट धरली.

"विरारची ती बाई कशी आहे?" मी विचारलं.

"त्यांच्या घरचं इथे सांगत नाय आंटी. तुमचं तिथे नाय सांगत." ती हसली, स्टुल ओढलं, वाटी घेतली. "बाबा, केळं आहे. आंटीने केलंय. देते हं."

चमचा ओठांना लागला. त्यांनी ओठ मिटले. ती थांबली. तिला थांबता यायचंच. पुन्हा एकदा चमचा नेला, नुसता ओठांना टेकवला. त्यांनी तिच्याकडे बघत, रागावून नव्हे, अगदी मायेने बघत, मान भिंतीकडे फिरवली.

"जरा दाब ना चमचा," मी म्हणाले. "तोंड उघडतील."

"नाय आंटी."

"एक तरी घास जाऊ दे. तुझं ऐकतील ते."

"ते ऐकतायत. त्यांना नको आहे." तिने वाटी खाली ठेवली, ओल्या फडक्याने त्यांचे ओठ पुसले, आणि मग ती त्यांच्याजवळ बसून चिंचोटीच्या धबधब्यावर पाय घसरून पडलेल्या कोणा शहरी पाहुण्याची गोष्ट सांगत राहिली. ते ऐकत होते की नाही, कोण जाणे.

ती नसल्यामुळे ते खात नाहीत, असं मी इतके दिवस धरून चालले होते. तसं असतं तर निदान करण्याजोगं काहीतरी उरलं असतं.

डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, गिळायची ताकद गेली असेल, किंवा इच्छा गेली असेल, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. नाकातून नळी घालता येईल. ठरवायचं घरच्यांनी.

जेन्सन फोनवर रडत होता. "मम्मी, नळी घालू दे. मला रजा मिळेपर्यंत तरी. मला पप्पांना बघायचंय."

मी हेमांगीला फोन केला. "तू काय केलं असतंस?"

"माझा बाप असता तर मला पन कळलं नसतं आंटी."

नळीला मी हो म्हणाले. ॲन्सेल्मना विचारलं होतं. ते भिंतीकडे बघत होते.

नळी घातली त्याच दुपारी त्यांनी डाव्या हाताने ती ओढून काढली. नाकातून रक्त आलं. डॉक्टरांनी पुन्हा घातली आणि सांगितलं, हात बांधून ठेवा. स्टेफीने मऊ सुती कापड आणलं, पण तिच्याने ते बांधवेना आणि माझ्याने बघवेना.

"बांधू नकोस," मी म्हणाले. "मी धरते."

आता दिवसभर मी तिथेच बसते. स्टेफी नळीतून पातळ पेज सोडते. आधी सांगते, "अंकल, आता पेज देते हं." ते काही करत नाहीत. मग थोड्या वेळाने त्यांचा हात माझ्या हातांतून नाकाकडे निघतो. केळीचे घड खांद्यावर वाहणारा तो हात; आता त्यात फारसा जोर नाही.

"ॲन्सेल्म, जेन्सन येतोय," मी सांगते. "थोडे दिवस."

ते माझ्याकडे बघतात. मग पुन्हा हात ओढतात, आणि मी तो दोन्ही हातांनी खाली दाबून धरते.