‘सेट’ आणि गोळीच्या मधे

राज्य संघाच्या निवड चाचणीत शंभर मीटरमधून पहिल्या दोन मुली जाणार होत्या, आणि त्यातली एक कामठीची दीप्ती असणार याबद्दल नागपूरच्या त्या मैदानावर कुणाला फारशी शंका नव्हती. सकाळच्या फेरीत ती सगळ्यांच्या पुढं आली होती. तिचा मोठा भाऊ प्रशिक पावरलूमवरची पाळी बदलून आला होता आणि कठड्यापाशी उभा राहून मोबाईलवर शूटिंग करत होता.

मे महिना होता. धावपट्टीचं रबर तळहाताला चटके देत होतं. दीप्ती पाचव्या पट्टीत, तिच्या शेजारी चौथ्या पट्टीत लकडगंजची श्वेता.

“सेट,” स्टार्टर म्हणाला. आठही मुलींनी पायांमागच्या ब्लॉकवर जोर देत कंबरा उचलल्या. गोळी यायला नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लागला. दीप्तीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात श्वेताचा खांदा झटका बसल्यासारखा हलला, आणि दीप्तीचं अंग तिला न विचारता सुटलं. गोळी तिच्या मागून वाजली. लगेच दुसरी, परत बोलावणारी.

पंच लाल कार्ड घेऊन आला. “पाच नंबर, बाहेर.”

“सर, ही हलली पहिले. चार नंबर.”

श्वेता समोर बघत मांड्या थोपटत होती.

“ब्लॉक सोडून कोण गेलं? ती का तू?”

“मीच गेली, पण—”

“मग झालं. हो बाजूला बेटा, बाकीच्या उन्हात बसून राहिल्या.”

शर्यत तिच्याविना झाली. श्वेता दुसरी आली.

प्रशिकनं व्हिडिओ दाखवायला पंचांच्या मांडवात धाव घेतली. तिथं तिघं बसले होते. त्यांनी मोबाईल हातोहात फिरवला, उन्हाची चमक पडते म्हणून टेबलाखाली धरून पाहिला. खांदा हललेला दिसत होता. हे तिघांनीही मान्य केलं.

“पण हिनं तिथल्या तिथं हरकत घ्यायला पाहिजे होती,” मुख्य पंच म्हणाले. साठीचे, डोक्यावर पांढरी टोपी. “हरकत घेतली असती तर सगळ्यांबरोबर पळू दिलं असतं आणि निकाल मागून लावला असता.”

“मी सांगितलं ना सर, ती हलली म्हणून,” दीप्ती म्हणाली.

“ते सांगणं झालं. हरकत हा शब्द वापरला होतास?”

 तो शब्द दीप्तीला कुणी शिकवलाच नव्हता.

श्वेताला आता मागून काढता येत नाही, असं ठरलं. दीप्तीनं मात्र एकटीनं पळून दाखवावं. श्वेतापेक्षा कमी वेळ लागला तर तिची जागा दीप्तीला. श्वेताची वेळ होती बारा पूर्णांक एकतीस.

तेव्हा दुपारचा एक वाजला होता. शेवटच्या रेषेवर फोटो काढून वेळ मोजणारं मशीन गुंडाळून ठेवलेलं होतं आणि ते चालवणारा जेवायला गेला होता. तीन पंच हातात स्टॉपवॉच घेऊन शेवटच्या रेषेशी उभे राहिले. दीप्तीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या रिकाम्या होत्या. सकाळपासून पोटात फक्त ग्लुकोज होतं. या वेळी तिनं गोळी पूर्ण ऐकली, मगच निघाली. शेजारी कुणी नसल्यामुळं आपण जोरात चाललो की हळू हेच तिला कळत नव्हतं. प्रशिकचा ओरडण्याचा आवाज धरून ती पळाली आणि रेषेवर छाती टाकली.

मधल्या घड्याळात बारा पूर्णांक शून्य चार होतं. प्रशिकनं पंचाच्या खांद्यावरून ते पाहिलं आणि कठड्यावर चढून शिटी मारली.

“थांब जरा,” मुख्य पंच म्हणाले. “हाताची वेळ आहे. वरच्या दहाव्या भागात न्यावी लागते. म्हणजे बारा पूर्णांक एक. त्यात चोवीस शतांश मिळवायचे. बारा चौतीस. तीन शतांशांनी हुकलं.”

“चोवीस कायचे?” प्रशिकनं कठड्यावरूनच विचारलं.

“माणूस गोळी ऐकून अंगठा दाबतो, त्याले उशीर होतो. मशीनले नाही होत. म्हणून.”

प्रशिक खाली उतरला. “मशीन तुम्ही बंद ठेवली. अंगठा तुमचा. तुमच्या अंगठ्याचा उशीर तिच्या पायात काहून टाकून राहिले?”

“नियम मी बनवला काय गा? सगळ्यांले सारखाच आहे.” त्यांनी टरबुजाची फोड उचलली. “उद्या दोनशे आहे ना तिची? आराम करू दे.”

दीप्ती नळावर डोकं भिजवत होती तेव्हा श्वेता बाटली भरायला आली. 

“मी हलली होती,” श्वेता म्हणाली.

“मग सांगत काहून नाही?”

“सांगितलं तर मले काढतीन. तू सांगितलं असतं?”

“हो.”

श्वेतानं बाटलीचं झाकण लावलं. “हलवलेला खांदा कोणी मोजत नाही वं. सुटली ते मोजतात.” आणि ती गेली.

रात्री दीप्ती प्रशिकच्या मोबाईलवर तो खांदा पुन्हा पुन्हा पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी दोनशेच्या अंतिम शर्यतीत दीप्तीला सहावी पट्टी मिळाली, श्वेताला पाचवी. चौथीत कळमेश्वरकडच्या एका खेड्यातली पिंकी होती. सगळ्यांत लहान. रबरी पट्टीवर ती पहिल्यांदाच पळत होती आणि ब्लॉक कसा ठोकायचा हे तिला ठाऊक नव्हतं. दीप्तीनं खाली बसून तिचा ब्लॉक बसवून दिला. “घट्ट आहे पाय?” असंही विचारलं.

दोनशेची सुरुवात वळणावरून होते. बाहेरची पट्टी पुढं असते, त्यामुळं आतल्या मुलींना बाहेरच्यांच्या पाठी दिसत राहतात. दीप्तीला हे आदल्या रात्रीच सुचलं होतं.

“सेट.”

तिनं कंबर उचलली, क्षणभर थांबली आणि डावा खांदा हलवला. हात रेषेवर तसेच, पाय ब्लॉकवर तसेच.

मागून स्पाइक्स बुटांच्या खिळ्यांची खरखर ऐकू आली. मग गोळी. मग दुसरी गोळी. दीप्तीला आतून इतकं बरं वाटलं की तिला हसू आवरेना. तसंच हसू घेऊन तिनं वळून पाहिलं.

श्वेता ब्लॉकवरच होती. पट्टीवर पुढं येऊन उभी होती ती पिंकी, तोंडावर दोन्ही हात ठेवून.

लाल कार्ड आलं. पिंकीनं काहीच विचारलं नाही. “हो सर,” म्हणाली आणि आपला ब्लॉक उचलायला वाकली, तेव्हा तो राहू दे म्हणून पंच तिच्यावर खेकसला. हरकत घे, एवढंच दीप्तीला म्हणायचं होतं. शब्द तिच्या तोंडात आला होता. पण मग कोण हललं हा प्रश्न निघाला असता. दीप्तीनं तळहात चड्डीला पुसले आणि परत खाली बसली.

त्या शर्यतीत ती दुसरी आली. श्वेता तिसरी. दोनशेतूनही पहिल्या दोघीच घेणार होते, त्यामुळं दीप्तीची निवड झाली. नाव पुकारलं तेव्हा मांडवातल्या टोपीवाल्या पंचांनीही टाळ्या वाजवल्या.

प्रशिकनं तिच्या हातात पाण्याची बाटली दिली.

“काढला व्हिडिओ?” तिनं विचारलं.

“काढला.”

“दाखव ना.”

“घरी पाहू,” तो म्हणाला आणि मोबाईल खिशात ठेवून ऑटो पाहायला गेला. एरवी ती जिंकली की तो तिची बॅग उचलायचा. आज बॅग तिथंच पडून राहिली.

ती बॅग उचलत असताना पिंकी आली. डोळे सुजलेले, स्पाइक्स हातात. तिच्या मागं तिचे वडील चंद्रभान डबा धरून उभे होते.

“मस्त पळाली तू, ताई.”

दीप्तीनं मान हलवली.

“मले त् थांबताच नाही आलं. गोळी वाजली असंच वाटलं मले.”

“लहानपणापासून घाईची आहे पोरगी,” चंद्रभान म्हणाले. “जेवतेही तशीच. तुम्ही सांगा जरा तिले, बाई. तुमचं ऐकीन.”

“सांग ना ताई,” पिंकी म्हणाली. “कशी थांबते तू?”

“समोर पाहायचं नाही,” दीप्ती म्हणाली. “खाली पाहायचं. कोणी हललं तर हलू द्यायचं.”

“कोणी हललं होतं काय?”

चंद्रभानही तिच्याकडे बघत होते.

“नाही,” दीप्ती म्हणाली.

पिंकीनं स्पाइक्स बाजूला ठेवल्या. तिथंच मातीत बसून तिनं दोन्ही हात टेकवले, कंबर उचलली आणि मान खाली घातली.

“अशी?”

“अशीच,” दीप्ती म्हणाली. “आता हलू नको.”