नावाची अट

मांडीवरच्या मुलीला डाव्या हातानं थोपटत पंचफुलानं उजव्या हातानं शेवटची ओळ पुरी केली. प्रत्येक बाळासाठी: नाव आहे आणि वजन कमी आहे, तर दूधभुकटी. कागदावर मात्र हे शब्द नव्हते, नुसती गणिताची चिन्हं. शेलूबाजारच्या केंद्रावर दूध कुणाला द्यायचं, ते यापुढं नागपूरचं यंत्र तिच्या या ओळीवरून ठरवणार होतं. यंत्र मनातलं ओळखत नाही, लिहिलं तेवढंच करतं, असं कॉलेजातल्या सरांनी तिला बजावलं होतं.

बाहेर कागद नागपूरला नेणाऱ्या जीपचा भोंगा वाजला. तिचा नवरा जगदेव चपला घालून दारातच उभा होता.

"झालं का वं? डायवर बोंबलून राह्यला."

"थांबा जराक. पडताळू द्या."

पडताळायचं म्हणजे एक खरं बाळ घेऊन ओळीतून चालवून पाहायचं. ओट्यावर शेजारची कमलीबाई लेकराला घेऊन बसलीच होती. त्याच्या मांड्यांवर कातडी सैल लोंबत होती.

"कमलीबाई, नाव काय याचं?"

"नाव कायचं, बाई! आधीचे दोन नाव ठेवल्यावरच गेले. हा चालाले लागला का ठेवीन. तवरोक 'ए' म्हनलं का पाह्यते."

पेन्सिल थांबली. नाव नाही, म्हणजे अट खोटी. म्हणजे दूध नाही. आणि यंत्र काही ओट्यावर येऊन विचारणार नव्हतं.

"मंग आत्ताच ठेव ना काहीबी," जगदेव म्हणाला. "'रूपला' ठेव. नाव ठेवल्यानं कोनी मरते का?"

बोलला आणि त्याची नजर घरातल्या फळीकडं गेली.

कमलीबाईनं लेकरू पदराआड ओढलं. पंचफुलानं मान वर केली नाही. नावाची अट खोडली, तिच्या जागी बाळाची आई, किंवा त्याला सांभाळणारं माणूस, अशी चिन्हं मांडली. कमलीबाईचं लेकरू ओळीतून पार झालं. मग मांडीवरच्या मुलीकडं बघत तिनं आणखी एकदा, ओठ न हलवता, ओळीवरून बोट फिरवलं.

भोंगा पुन्हा वाजला.

"काहून खोडलं?" कागद घेताना जगदेवनं हळूच विचारलं.

"कमलीबाईसाठी."

तो गेला. मांडीवरची मुलगी कुरकुरली.

"शू, बाई, शू," पंचफुला म्हणाली. घरात तिला सगळे नुसतं बाईच म्हणत.

फळीवर माहेरून आलेलं बारशाचं झबलं घडी न मोडता पडून होतं. त्याच्याखाली एक जुनं होतं, आधीच्या बाळाच्या बारशाला एकदाच घातलेलं.