शालीखालचा पट्टा

साहेब, त्या दिवशी तुम्ही चिऊकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलं नाहीत. तिथेच तुम्ही तिची शाळा बुडवलीत.

मित्रांनो, मी एक खुर्ची आहे. साधी नव्हे. छातीला पट्टा, मानेला टेकू आणि पुढे लिहायला फळी असलेली. चिऊचे स्नायू तिचं ऐकत नाहीत. सोडलं की ती एका बाजूला कलंडते. डोकं मात्र तल्लख. मी येण्याआधी तिची आई रोज वर्गात मागे बसायची, तिला मांडीत धरून. आईच्या पायांना मुंग्या यायच्या, पण पाढे पाठ व्हायचे, दोघींचेही.

मग सरकारी अनुदान आलं. विशेष शिक्षणाच्या बाई आल्या आणि सुतारकाकांनी मला घडवलं. त्यांनी चिऊची मापं तीनदा घेतली. "खुर्चीनं पोरीचं ऐकायचं, पोरीनं खुर्चीचं नाही," ते म्हणाले. पट्ट्याला त्यांनी सात भोकं पाडली. पोर वाढणार, एवढं सुतारालाही कळत होतं.

बाई रोज सकाळी तिला बसवायच्या. "काय राणीसरकार, सिंहासन घट्ट की सैल?"

"सैल. पळून जाईन," चिऊ एकेक शब्द ओढत म्हणायची.

आई कपडे धुण्या-इस्त्रीच्या दुकानात कामाला लागली. दोन वर्षांत चिऊ पहिल्या भोकावरून तिसऱ्यावर आली.

मग तपासणी लागली. तपासणी म्हटली की झाकपाक आलीच. फाटके नकाशे कपाटामागे गेले. बाईंना वाटलं, पट्टा बरा दिसत नाही, पोर बांधून घातल्यासारखी वाटते. त्यांनी आपली शाल पट्ट्यावरून पांघरली.

तुम्ही आलात. चिऊने अडखळत, पण पूर्ण धडा वाचला.

"छान बसते की," तुम्ही म्हणालात.

मुख्याध्यापक फुलले. "इतर मुलांसारखीच आहे, साहेब."

तुम्ही लिहिलंत: मूल स्वतः बसते, विशेष मदतीची गरज नाही. शाल उचलायला कुणाचा हात पुढे झाला नाही. बाईंचाही नाही. साहेब कौतुक करत असताना मध्ये कोण बोलणार?

पुढच्या वर्षी अनुदान थांबलं, बाईंची नेमणूक संपली. शालीखाली पट्टा होता, हे सांगणारी तीन पत्रं त्यांनी तुम्हाला लिहिली; उत्तर एकाचंही आलं नाही. जाताना माझ्या पट्ट्यावर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "मीच झाकलं गं."

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. परवा चिऊची आई आली. काम सुटलंय तिचं.

"भाऊ, खुर्ची तरी घरी द्या. पोर दिवसभर आडवी असते. छताकडे बघत पाढे म्हणते."

"ताई, शाळेची वस्तू बाहेर जात नाही," कारकून म्हणाला.

"मग इथं बसवा तिला."

"बसवायला माणूस कुठंय? मंजुरीच नाही. पडली-बिडली तर माझ्या गळ्यात."

माणूस वाईट नव्हता. त्याने बाहीने माझ्यावरची धूळ पुसली. मग कुलूप लावलं.

मित्रांनो, 'वस्तू जपा' असं निबंधातल्या खुर्चीने सांगायचं असतं. मी नाही सांगणार. मला फार जपलंय. अंगावर ओरखडा नाही, हीच माझी लाज. मी झिजण्यासाठी होते.

साहेब, पट्ट्याची चार भोकं अजून कोरी आहेत आणि चिऊ घरी वाढतेच आहे. ती स्वतः बसत नव्हती, मी तिला धरलं होतं. आता कोण धरणार? लेखी कळवा. चौथं पत्र यायची वाट बघू नका.