आजीची बोथट कात्री

माझ्या वडिलांची आई माझ्या जन्मापूर्वीच निवर्तली. तिचे मुखदर्शन एकदा तरी घडावे, एवढीच माझी म्हातारपणची आस. जन्मनोंदी, जनगणनेचे तक्ते, जुनी वृत्तपत्रे असे सारे धुंडाळून झाले, तेव्हा नगरवाचनालयातील ग्रंथपाल बाईंनी एका शिवणकारखान्याचे छायाचित्र काढून दिले. आजी तेथे कापड बेतीत असे, हे मी वडिलांकडून ऐकले होते. चित्रात लांब मेजाशी तीन स्त्रिया, तिघींच्या हाती कात्र्या. खाली नाव मात्र एकीचेही नाही.

“कागद संपले की घरातल्या वस्तूंना विचारावं,” बाई म्हणाल्या. “त्या अर्ज मागत नाहीत.”

घरी येताच मी निवाडा देऊन टाकला. “ही मधली, गंभीर मुद्रेची. कपाळ पाहा, थेट माझं. त्या टोकाच्या फिदीफिदी हसणारीचा प्रश्नच नाही.”

“तुमचं कपाळ कुठे संपतं ते आधी ठरू द्या,” सौभाग्यवती माझ्या टकलाकडे पाहत म्हणाली. “आणि वस्तूच हवी, तर आजींची कात्री आहे की खणात. माझं लग्न झाल्यापासून तिला धार लावून आणताय, आणि ती आपली कापड चावतेच आहे.”

कात्री निघाली. मी चालवली, चिंधी दुमडली. हिने चालवली, पुन्हा तेच. माहेरपणाला आलेली आमची लेक कौतुकाने पाहत होती. ती डावखुरी, घरातल्या यच्चयावत कात्र्यांशी तिचे जन्माचे वाकडे. म्हणून ही तिच्या हाती द्यावी, असे आम्हांला कधी सुचलेच नव्हते.

“द्या इकडे, बाबा,” ती म्हणाली. कात्री डाव्या हातात घेतली मात्र, चिंधी सरळ रेषेत दुभंगली. “हिला काही झालेलं नाही. पातीच मुळात उलटी बसवलेली आहेत. ही डावऱ्या हाताची कात्री आहे.”

तिघांनीही एकदम छायाचित्र ओढले. मधलीच्या उजव्या हाती कात्री, दुसऱ्या टोकाच्या बाईच्याही उजव्या. टोकाची ती हसणारी तेवढी डाव्या हाताने कापीत होती.

“म्हणजे कपाळ शेजारणीकडून उसनं आणलंत,” सौभाग्यवती म्हणाली.

मी छायाचित्र समोर ठेवून हात जोडले. आजी हसतच होती. आणि चांगल्या कात्रीला आयुष्यभर धार लावीत बसलेल्या नातवाकडे पाहून तिने दुसरे करावे तरी काय?