अनसिंगची व्याजस्तुती

कॉलेजात आम्हाला व्याजस्तुती शिकवली होती. वरून स्तुती, आतून निंदा. परीक्षेत मी ती उदाहरणासकट लिहून मार्क मिळवले. पण अनसिंगला मारुतीच्या पारावर ती मोठ्याने वाचली तर काय होतं, ते त्या पुस्तकात कुठेच नव्हतं.

आमचे हे, पंजाबराव, इथल्या शाळेत मास्तर, आणि उमरावतीच्या एका साप्ताहिकात अधूनमधून लिहितात. फाल्गुनात गावात देवीची साथ आली. मागच्या गल्लीत दोन लेकरं गेली. देवी टोचणारा सरकारी माणूस आला, तर बाया पोरं काखेत मारून मळ्यांत पळाल्या. ह्यांना संताप आला. संताप आला की हे लिहितात. दुसरं काही करत नाहीत.

लेखाचं नाव होतं ‘शीतळामाईचे उपकार’. माई ज्याच्या चेहऱ्यावर सही करते त्याचा आरशाचा खर्च वाचतो. ज्याचे डोळे नेते त्याला जगातलं पाप दिसत नाही. लेकरंच नेली तर त्यांच्या लग्नांची काळजी मिटते. एवढी सोय करणाऱ्या देवीवर सरकार सुई उगारतं, हा केवढा कृतघ्नपणा. अशी सगळी शेलकी वाक्यं. मी आमच्या तान्ह्या शेवंताला मांडीवर घेऊन वाचलं, हसले, आणि म्हटलं, “आधी हिला टोचून आणू.”

“आणू की, याच आठवड्यात,” हे म्हणाले.

त्याआधी साप्ताहिक मामंजींच्या हाती पडलं. मामंजी म्हणजे भगवंतराव. दिवसभर वांगी-मेथीचा मळा, संध्याकाळी पारावर पोथी. त्यांची वाचायची चाल एकच. पोथी संपली आणि वाशीमहून दुसरी आली नाही, तर छापलेलं हाती लागेल ते त्याच चालीत वाचतात. एकदा केसांच्या तेलाची जाहिरात वाचली होती, तेव्हाही शेवटी लोकांनी हात जोडले होते.

त्या चालीत थट्टा शिरायला जागाच नाही. आरशाचा खर्च मामंजींनी असा लांबवला की म्हाताऱ्यांच्या माना डुलल्या. डोळ्यांच्या ओळीला एक जण गहिवरून म्हणाला, “खरं हाय बाप्पा. डोये गेले मंग पाप कुठून दिसन?” लग्नांच्या ओळीला मुलींच्या बापांनी उसासे सोडले. शेवटी ह्यांना पुढे ओढून नारळ दिला, डोक्यावर फेटा बांधला.

“मास्तर लय शिकला, पन देवाले इसरला नाई.”

बायकांत बसून मी वाट पाहत होते. आता हे उठून सांगतील, की ही थट्टा होती आणि तुमच्यावरच होती. हे उठले. हात जोडले. म्हणाले, “आपल्या सर्वांचा आशीर्वाद.”

घरी आल्यावर मी विचारलं, “सांगितलं का नाही?”

“साथीच्या दिवसांत देवीची थट्टा केली म्हणू? घर राहील का आपलं?”

“मग शेवंताला कधी न्यायचं?”

“थोडं निवळू दे. लेख माझा, आणि सुई माझ्याच घरात? दिसायला बरं दिसतं का ते?” फेटा अजून डोक्यावरच होता. आरशात बघून त्यांनी तो जरा डावीकडे केला.

सासूबाईंचा, तुळसाबाईंचा, निकाल तर लागूनच गेला होता. “लेकानं अशी स्तुती लिव्हली, अन् सून पोरगी टोचाले नेते? लोकाईनं काय म्हनाव?”

दोन दिवसांनी शेजारच्या पंचफुलाच्या थोरल्या मुलाला ताप भरला आणि अंगभर पुरळ उठलं. आमची भिंत एकच. तो कण्हला की मी शेवंताच्या कपाळाला हात लावायची. ते तापलं आहे की माझाच हात गार पडला आहे, कळायचं नाही. ह्यांच्याकडे पुन्हा विषय काढला, तर त्यांना शिरपूरहून त्याच लेखाच्या वाचनाचं बोलावणं आलं होतं.

त्या दुपारी मी एका हातातल्या बांगड्या जात्यावर वाढवल्या आणि सासूबाईंना मनगट दाखवलं. सवाष्णीला बांगड्या भरायला जाऊ नको म्हणायची कोणाची छाती नाही. रहमतबी बांगडीवाली, आणि देवी टोचणारा गुलाम नबी तिचा भाचा. गावात आला की तिच्याच अंगणात पेटी उघडून बसतो. तसा तो बसला होता. समोर एक कोंबडी होती, माणूस कोणी नाही.

रहमतबीने मला ओळखलं. “वा मास्तरीनबाई. नवऱ्यानं माह्या भाच्याची रोटी मारली, अन् तू त्याचीच पोरगी घेऊन आली?”

“त्यांनी थट्टेनं लिहिलं होतं.”

“मंग हासलं कोन?”

गुलाम नबीने शेवंताचा डावा दंड पुसला आणि चार जागी खरवडलं. ती रडली, मी रडले. रहमतबीने मला हिरव्या बांगड्या भरल्या.

आठवडा गेला. शेवंताच्या अंगात कणकण आली आणि तिला न्हाऊ घालताना सासूबाईंनी झबलं काढलं. दंडावर चार फोड टरारून उभे होते.

सासूबाईंनी हात जोडले. “माय आली. चारच दाने, तेबी दंडावर. पंजाबची स्तुती पावली व.”

घरात फोडणी बंद झाली. दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले, दहीभात झाला. हे शाळेतून आले, लेकीचा दंड पाहिला, माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. “तुह्या लेखानं झालं रे हे,” सासूबाई म्हणाल्या, आणि ह्यांनी टोपी काढून पाळण्याला नमस्कार केला. मला वाटतं, तेवढा वेळ त्यांनाही ते खरं वाटलं.

पंचफुला धाकट्याला कडेवर घेऊन आली. तिच्या थोरल्याचा जीव वाचला होता, एक डोळा गेला होता. शेवंताचा दंड तिने बराच वेळ निरखला.

“तुमच्याकडं माय अशी मऊ काहून आली? लेकराले कुठी नेलतं?”

“कुठी नाई व,” सासूबाई म्हणाल्या. “सून निस्ती रहमतबीकडं गेलती, बांगड्या भराले.”

“तिथंच आली,” मी म्हटलं. “त्या अंगणात माई मऊ येते. लेकराचा डावा दंड उघडा ठेवायचा. तिचा भाचा करेल ते करू द्यायचं.”

“पन हे दाने असे रांगेत काहून?”

“माईला शिस्त आवडते.”

पंचफुला तोंडावरची एक रेघ हलू न देता म्हणाली, “बरोबर हाय. शिकेल-सवरेल लोकाईच्या घरी येते, मंग शिस्त लागनच.” आणि तिथेच उभ्या उभ्या धाकट्याच्या झबल्याची डावी बाही वर दुमडू लागली.

सासूबाईंनी तिच्या हातावर दहीभात ठेवला आणि बजावलं, “अनवानी जाजो, माय. देवीच्या ठिकानी चपला घालून जाऊ नोको.”