अशोकारिष्टाच्या बाटलीतली

हरीशच्या आईला पोराची प्रकृती फार नाजूक वाटायची. ती परदेशी, पापाकुरा उपनगरातल्या त्याच्या घरी सहा महिने राहायला आली, तेव्हा त्याच्या कपाटात दशमूलारिष्ट, द्राक्षासव, कुमारीआसव अशी बाटल्यांची रांगच लागलेली. एकीवर तर अशोकारिष्ट! ते बायकांच्या पाळीच्या तक्रारींवरचं औषध. म्हातारीने त्याबद्दलही विचारलं नाही. छप्पन्न वर्षांचा इंजिनिअर, स्वतःच्या कमाईची व्हिस्की आईच्या धाकाने औषधाच्या बाटल्यांत लपवतो. असली आपली घरं. खोटं खपतं, खरं खपत नाही. बरं, वास आला तरी औषधाचाच वाटायचा.

आई परत गेली. व्हिस्कीच्या मूळ बाटल्या रिसायकलिंगच्या डब्यात कधीच गेल्या होत्या. आणि गेल्या वर्षी हरीशही गेला, बसल्या खुर्चीत.

आज त्याचं वर्षश्राद्ध. पुण्याहून वसुंधराचे थोरले दीर चारुदत्तदादा व्हिडिओवर मंत्र सांगणार होते. ‘त्याच्या आवडीचं सगळं कर,’ असं त्यांनी बजावलं होतं. वसुंधराने घारगे केले, अळूची भाजी केली, आणि कपाट उघडून उभी राहिली. चार बाटल्या. यातली त्याची आवडती कुठली? एकतीस वर्षं संसार झाला, पण तो ग्लास घेऊन बसला की ही नाक मुरडून आत जायची. बायकोने असंच वागायचं असतं, हे तिला कुणीतरी शिकवलं होतं. शिकवणारे मेले, ही वागत राहिली.

तिने मकरंदला बोलावलं. हरीशचा व्हिस्कीतला जोडीदार तो. माउंट वेलिंग्टन उपनगरातून श्राद्धाच्या तासभर आधी आला, आणि बाटल्या हुंगून खो-खो हसला. “वहिनी, ह्या सगळ्या एकाच डिस्टिलरीच्या आहेत! स्कॉटलंडच्या एका बेटावरच्या. तिथं दलदलीतली माती कापून वाळवतात, पीट म्हणतात तिला. ती जाळायची आणि त्या धुरावर जव सुकवायचे. म्हणून हा धूर.”

“व्याख्यान नको. आवडती कुठली ते सांगा.”

मकरंदने चार वाट्यांत घोट घोट ओतलं, चाखलं. “ही हलकी, धूर नावालाच. ही शेरी वाइनच्या पिंपातली, गोड. ही पंचवीस वर्षं मुरलेली, महागडी. हीच असणार! ही तो थेंब मोजून ओतायचा.”

“आणि अशोकारिष्टातली?”

“ती नुसता जाळ आहे. सगळ्यात तरुण, सगळ्यात धुरकट. सामान्य आहे म्हणायचा. मला कधी दिलीच नाही त्याने.”

वसुंधराने महागडी वाटी नाकाशी नेली. छान होती. पण ओळखीची नव्हती. मग चौथी उचलली. धूर, समुद्राचं खारट वारं, ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरचं आयोडीन. ती नर्स होती, आयोडीन तिला झोपेतही कळलं असतं. पण हे उशीवरचं होतं. दिवा मालवल्यावर मानेमागे येणारा हाच श्वास. “झोपलीस का गं?” आणि ती भिंतीकडे तोंड करायची. दरवेळी.

आत्ता तिने तोंड फिरवलं नाही. वाटी नाकाशी धरून उभी राहिली, डोळे मिटून, बराच वेळ. मकरंद खिडकीतून बाहेर बघू लागला.

“हीच,” ती म्हणाली.

“लबाड!” मकरंदचा आवाज चिरकला. “चांगली होती म्हणून लपवली माझ्यापासून!”

इकडे दुपारी बाराला दादा फोनवर आले. पुण्यात पहाट, डोक्याला मफलर. मंत्र झाले. पानावर वाटी दिसताच ते थबकले.

“वसुंधरा, ते काय आहे?”

“व्हिस्की.”

“अगं, आवडीचं म्हणजे मी घारग्यांचं म्हणालो होतो.”

“घारगे तुम्हाला आवडतात, दादा. त्यांना ही आवडायची. नसेल चालत तर फोन ठेवा. मी वाटी उचलणार नाही.”

दादांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“नुसती घ्यायचा, की पाणी घालून?”

वसुंधराने मकरंदकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली. ही बाटली त्याच्यासमोर कधी निघालीच नव्हती.

तिने वाटी उचलून ओठाला लावली. घसा पेटला, डोळ्यांत पाणी आलं. चमच्याने दोन थेंब पाणी घातलं, पुन्हा घोट घेतला. धूर जरा सैलावला, मागून काहीतरी गोडसर आलं.

“अशी घेत असतील,” ती म्हणाली. “मला अशी आवडली.”

“वहिनी, उष्टी झाली,” मकरंद हळूच म्हणाला.

“होऊ दे,” दादा फोनवरून म्हणाले. “तिचीच उष्टी आहे. ठेव गं पानावर.”