कुलरच्या टाकीतला कन्सोल

वैजापूरहून बस सुटता सुटता तनुजाचा फोन आला. "अहो, माळ्यावरचा कुलर खाली घेतला. नळीनं पाणी सोडलं, चालू पण केला. लई गार वारं येतंय. संस्कृतीला आता निवांत अभ्यास करता येईल."

काकासाहेब सीटवरून ताडकन उभेच राहिले.

दिवाळीत लेकीनं मामानं दिलेला गेमिंग कन्सोल आपणहून त्यांच्या हातात ठेवला होता. दहावी होईपर्यंत तुमच्याकडं असू द्या, म्हणाली. "नीट जपाल ना, पप्पा?" "तू बिनघोर राह्य," असं छातीठोक सांगून या गृहस्थांनी जागेच्या शोधात अख्खं घर पालथं घातलं. पोरीचा भरवसा नव्हता. माय-लेकींचं गुळपीठ, म्हणून बायकोलाही पत्ता लागू द्यायचा नव्हता. शेवटी माळ्यावरच्या कुलरच्या टाकीत तो दडवला आणि स्वतःच्या हुशारीवर फार खूश झाले. पुढं उन्हाळा येतो, एवढंच तेवढं सुचलं नाही.

लासूरला ड्रायव्हर चहाला उतरला तो येईना. काकासाहेब उठायचे, दारातून डोकवायचे, परत बसायचे. फोन काढायचे आणि खिशात घालायचे. पाणी तर भरून झालं होतं. उद्या भूमितीचा पेपर, आणि पोरगी रडत बसली तर? शिवाय यापुढं ती आपल्या हातात काही म्हणून विश्वासानं देणार नाही, हे त्यांना जास्त लागलं.

घरात शिरले ते बुटांसकट. कुलर बंद केला, जाळी काढली आणि टाकीत कोपरापर्यंत हात घातला. नुसतं पाणीच लागलं.

"काय शोधताय, पप्पा?" संस्कृती दारात उभी होती.

त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"तो मी त्याच दिवशी काढला. तुमच्या शर्टाला कुलरच्या गवताच्या काड्या होत्या. टाकीत ओल असते, आतून गंजला असता."

"मग ठेवला कुठं?"

"तुमच्या कपाटात. लग्नातल्या सुटाखाली."

काकासाहेबांनी कपाट उघडलं. सुती फडक्यात गुंडाळलेला कन्सोल कोरडा ठणठणीत होता. इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. तरी तोंडाची खोड जाईना.

"खरं सांग, अधूनमधून खेळलीस ना?"

विचारलं आणि लगेच शरमले. पोरीनं त्यांच्या ठिबकणाऱ्या बाहीकडं पाहिलं.

"खेळायचं असतं तर माझ्याच कपाटात ठेवला असता."